किसनबप्पांची राहिलेली बाजू

ठराव न ऐकताच मी त्याला अनुमोदन दिलं.

दिंद्रुडच्या आमच्या दूध संस्थेची सभा होती. दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरलेला. संस्थेनं गावाबाहेर जनावरांची छावणी उघडलेली. दोन म्हशींच्या जोरावर मीही सभासद. शिवाय शाळेत मास्तर, त्यामुळे अनुमोदक म्हणून माझं नाव शोभून दिसतं. सचिवानं "अनुमोदन?" म्हणताच माझा हात वर गेला. नजर मात्र मांडवामागच्या भज्यांच्या कढईवर होती.

ठराव असा होता : चारा कमी, म्हणून छावणीत यापुढे फक्त दुभती जनावरं राहतील. भाकड जनावरं मालकांनी उद्या घेऊन जावीत.

"मंजूर!" मागून आरोळी उठली. आमच्याकडे ठराव मंजूर करायला तो समजावा लागत नाही.

तेवढ्यात किसनबप्पा उठले आणि सभेनं कपाळाला हात लावला.

बप्पांना वादाचा नाद. पण भांडकुदळपणा नव्हे, शिस्तीचा वाद. "मुद्दा काय? कारण काय? पुरावा काय?" न्हावी एकदा म्हणाला, "बप्पा, दाढी लई वाढली." बप्पा म्हणाले, "मान्य. पर वाढली म्हणून काढावीच, हे कावून?" बिचारा वस्तरा धरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. व्याही लग्नाचं आवतण घेऊन आले, "यायलाच लागतंय," म्हणाले, तर "न आल्यानं काय बिघडंल ते आदी सांगा!" व्याही चहा न घेता गेले.

मलाही त्यांनी गाठलं होतं. "गुरुजी, पोरांना वादविवाद शिकवता म्हणं. समोरच्याची बाजू मांडाया शिकवता का?"

"ती समोरचा मांडतो की."

"मंग तुमी निस्ता आरडाओरडा शिकवता."

त्यांचा नेम ठरलेला. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायची. "हां, हेच म्हणायचं होतं," असं त्याच्या तोंडून वदवायचं. मग ती खोडून काढायची.

सभेतही त्यांनी तेच केलं. "आदी चेअरमनसायबांची बाजू," म्हणाले. "चारा हाय मूठभर. संस्था चालती दुधावर. दुभतं जनावर उपाशी ऱ्हायलं की दूध बंद. दूध बंद की संस्था बंद. मंग भाकडाला तरी चारा कोण देणार?"

चेअरमनना जन्मात एवढं सुचलं नसतं. "हां! हेच म्हणायचं होतं!" ते ओरडले. टाळ्या पडल्या.

बप्पांनी घसा खाकरला. "आता माझी बाजू..."

"मंजूर! मंजूर!" माणसं उठली, सतरंज्या झटकल्या जाऊ लागल्या. बप्पा उभेच. मी भजी खाल्ली. गरम होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. बप्पांची गाय भाकड होती, हे मला तिथं कळलं. घरी चारा नाही, पाणी नाही. छावणीतून सोडली ती परस्पर व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढवली. बप्पा रिकाम्या दावणीपाशी बसले होते.

शेजारच्या शेवंताकाकू त्यांच्यासाठी भाकरी घेऊन आलेल्या. दारातच मला हळू आवाजात म्हणाल्या, "माई व्हत्या तवर रोज सांजच्याला नवराबायको वाद घालायची. माई गेल्या, तवापासून बप्पा दावणीच्या हिकडून आपली बाजू मांडायचे आन् तिकडं जाऊन माईंची. मधी गाय. ती ज्या अंगाला मान वळवंल, तो जितला."

मी आत जाऊन बप्पांसमोर बसलो. म्हटलं, "बप्पा, गाईपेक्षा शेळी हुशार असते." आणि पुरावा मागतील म्हणून थांबलो.

"असंल," बप्पा म्हणाले.

"आपल्याकडं आता पाऊस पडणारच नाही म्हणे. कधीच."

"नसंल पडत."

माझा धीर सुटला. "बप्पा, काल चेअरमनचंच बरोबर होतं!"

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "तुमचं खरं हाय, गुरुजी."

शेवंताकाकूंनी ताट आदळलं.

"बोलायचं तवा खात बसलात," त्या मला म्हणाल्या, "आन् आता कावून वटवट लावलीया? उठा."