गाडीला विचारून सांगतो

एका लग्नाला आमचं अख्खं घर अनवाणी गेलं होतं, आणि तो पराक्रम सर्वस्वी माझा होता.

लग्न घाटकोपरला, आमच्या चुलतनणंदेच्या मुलीचं. मी जरीकाठी नेसलेली, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं घातलेलं, अंबाड्यावर गजरा, आणि खाली पाय उघडे. माझ्यामागे सासूबाई अनवाणी, आमचे हे सुटाबुटातले, पण बूट वजा, आणि दोन्ही मुली नव्या फ्रॉकमध्ये अनवाणी. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या बाईने आमच्या पायांकडे पाहून हळूच विचारलं, "नवस आहे का हो?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हो. कडक आहे."

मग काय, दिवसभर लोक आमच्याकडे आदराने बघत होते. पंगतीत वाढपी प्रत्येक पदार्थाआधी विचारत होता, "हे चालतं ना तुम्हाला?" धाकटीला जिलबी चालत होती, बासुंदी चालत होती, सगळंच चालत होतं.

नवस कसला? आमच्या गाडीत चपला घालून बसायची बंदी होती. गेटपाशी सगळ्यांनी पायातलं काढायचं, मी ते एका खाकी पिशवीत भरायचं आणि पिशवी डिकीत ठेवायची, असा शिरस्ता. त्या दिवशी मी डिकीत पिशवी ठेवली ती आहेराची. चपलांची मुलुंडला आमच्या गेटच्या कठड्यावर राहिली. तरी नशीब माझं. डिकीतून हाताला लागेल ती पिशवी न बघता उचलायची मला सवय होती, आणि उलटं झालं असतं तर नवरीच्या हातात मी घरादाराच्या चपला ठेवून वर म्हटलं असतं, "राहू दे गं, आमची आठवण."

हा नियम माझ्या धाकट्या दिरांचा, सदूभाऊजींचा. गाडी तेच चालवायचे आणि तेसुद्धा अनवाणीच. परत येताना मी शरमेने खाली बघत बसले होते, तर आरशातून मला म्हणाले, "पण बघा वहिनी, आज गाडीत कणभर माती नाही."

सदूभाऊजी उंच होते, आणि बारीक. गाडीत बसताना त्यांना घडी घालावी लागे. लग्न केलं नाही. भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ती काळी गाडी माझ्या सासऱ्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनीच घेतलेली. सासरे गेले तेव्हा घर यांच्या नावावर झालं, कपाटाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या, आणि सदूभाऊजींनी खुंटीवरची गाडीची किल्ली उचलली. कुणी हरकत घेतली नाही, कारण ती कुणालाच नको होती.

गाडीला त्यांनी नाव वगैरे ठेवलं नव्हतं. नुसतं 'ती'. आणि तिला विचारल्याशिवाय ते कुठे जात नसत. कुणी म्हणालं, "सदू, रविवारी ठाण्याला जाऊ या का रे?" की उत्तर ठरलेलं: "गाडीला विचारून सांगतो."

हे बोलण्यापुरतं असेल असं वाटलं ना तुम्हाला? मलाही नवी नवरी असताना वाटलं होतं. पण ते खरंच खाली जात. बॉनेट उघडत, वाकून ऐकत, सेल्फ मारत, पुन्हा ऐकत. मग जिना चढून येऊन निरोप देत. "हो म्हणते, पण सकाळी लवकर." नाहीतर, "नाही म्हणते. तिचं अंग कसकसतंय." गाडीत भांडण करायचं नाही, हाही एक नियम. भांडणाने बॅटरीचं पाणी खराब होतं म्हणे. आम्ही नवराबायको ठाण्यापर्यंत दात आवळून बसायचो आणि उतरल्यावर फुटपाथवर उरकून घ्यायचो.

मला मात्र एक गोष्ट फार झोंबायची. या घरात पडद्याचा रंगसुद्धा कुणी मला विचारून ठरवला नव्हता, आणि त्या पत्र्याच्या डब्याला सगळे रोज विचारत होते. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचे. कोण कोणाच्या तोंडून बोलतंय, एवढं साधं मला दिसलं नाही.

मग भांडुपच्या कारखान्याला टाळं लागलं. आज उघडेल, उद्या उघडेल असं करत भाऊजींनी बरेच महिने डबा भरून घ्यायचा सोडला नाही. तो खाली गाडीत बसून खायचे. मग डबाही बंद झाला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली जात आणि दुपारपर्यंत गाडी पुसत. एवढी पुसलेली गाडी मी जन्मात पाहिली नाही. तिच्या दारात बघून मी टिकली लावायचे.

त्याच सुमारास गाडी अंधेरीला जायची बंद झाली. अंधेरीला यांचे काका राहत. मोठा गोतावळा, सणवाराला सगळे तिकडे जमत. काकांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जाई. टाळं लागल्यावर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दार उघडतानाच काका म्हणाले, "काय सदाशिव, लागलास का कुठे?" जेवताना पुन्हा विचारलं. निघताना जिन्यावरून पुन्हा. त्यानंतर अंधेरी म्हटलं की गाडी हटकून नाही म्हणायची. ठाणं चालायचं, बोरिवली चालायची, अंधेरीला मात्र कार्बुरेटरमध्ये कचरा. आम्ही बसने जायचो, भाऊजी कचरा काढायला घरी राहायचे.

आणि मी काय केलं? चारचौघांत हसत हसत विचारलं, "भाऊजी, तुमचा कार्बुरेटर दिशा बघून भरतो का हो?"

"तिचा," ते म्हणाले. बस, एवढंच.

एकदा सासूबाईंना भर दुपारी धाप लागली. भाऊजींनी त्यांना उचलून खाली नेलं आणि चिखलाच्या चपलांसकट गाडीत चढले. त्या दिवशी गाडीला कुणी काही विचारलं नाही. दवाखान्यातून आल्यावर संध्याकाळभर ते गाडीची चटई धूत होते. मी वरून बघितलं आणि शेजारणीला म्हटलं, "बघा, आईचा जीव वाचला त्यापेक्षा चटईचं दुःख मोठं." असली मी होते.

आता दुसऱ्या गाडीचं सांगते. तेव्हा ती नवी, छोटी, चकचकीत गाडी उपनगरांत दिसायला लागली होती. सगळ्यांना पहिल्यांदा हसू यायचं, मग हवीशी वाटायची. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घेतली, लाल. त्या स्वतः चालवायच्या. एका हाताने वळवून गेटातून आत आणायच्या, आणि मी गॅलरीत तांदूळ निवडत बघत बसायचे. माझी वाट लागली ती तिथेच.

मी यांना म्हटलं, "आपण दुसरी गाडी घेऊ या."

"पहिली आहे ना?"

"पहिली नाही म्हणते."

मग मी फायदे मोजून दाखवले. पेट्रोल कमी पिते, गल्लीत वळते, मुलींना क्लासला सोडता येईल, सासूबाईंना व्यायामाला नेता येईल, आणि मुख्य म्हणजे तिला काही विचारावं लागत नाही. त्यात खोटा एकही नव्हता. यांनी नंबर लावून ठेवला. मी गाडी शिकायला लागले. गाडी यायच्या आधी मी काळा चष्मा घेतला होता, आणि तो लावून डाळ शिजवायचे, सवय व्हावी म्हणून. पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्याची हातगाडी आडवी केली. रस्ताभर टोमॅटो. भाजीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही पायीच झकास दिसता."

भाऊजींना सांगायचं काम यांनी केलं. "सदू, दुसरी गाडी घेतोय रे. छोटी. तुझी वहिनी चालवेल."

भाऊजी जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "गाडीला विचारून सांगतो."

त्या दिवशी ते खाली गेले ते बराच वेळ आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "हो म्हणते. दुसरी घ्या. फक्त पहिली राहू दे, म्हणते."

"राहणार रे बाबा," हे म्हणाले. "तिला कोण काढतंय?"

मीही मान डोलावली.

अडचण जागेची होती. प्रत्येक घराला कंपाउंडमध्ये एकच गाडी लावता येई. आमच्या जागेत बदामाच्या झाडाखाली ती काळी. माझी नवी गाडी, तीही लालच, रस्त्यावर लावली, तर तिसऱ्याच दिवशी नाक्यावरच्या तबेल्यातल्या एका म्हशीने तिला पाठ घासली. दार आत गेलं. मी रस्त्यात उभी राहून रडले. माणूस गेल्यावर रडावं तशी रडले, त्या पत्र्यासाठी. आणि भाऊजींना चटईवरून हसणारी मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भाऊजींनी आपणहून काळी गाडी बाहेर काढली होती. बदामाखालची जागा झाडून ठेवली होती. मला म्हणाले, "आत घ्या तुमची. ही जुनी आहे, हिला म्हशींची सवय आहे."

मी घेतली आत. आभार मानले की नाही, आठवत नाही. म्हणजे नसतीलच मानले.

रस्त्यावर गाडीचे हाल झाले. मुलं टपावर चढायची, कुणी आरसा काढून नेला, सोसायटीची माणसं कुरकुरायला लागली. भाऊजींचा दिवस आता फुटपाथवर जायचा. इस्त्रीचा शर्ट, हातात फडकं. येणारेजाणारे त्यांना ड्रायव्हर समजायचे. "भाडं घेणार का?" विचारायचे.

शेवटी कुर्ल्याच्या एका जुन्या गाड्या घेणाऱ्याशी यांनी बोलणं केलं. आमच्या खोलीत बसून ठरलं. हे चुळबुळत होते. म्हणाले, "सदूला विचारायला पाहिजे गं."

मी म्हटलं, "विचारून काय होणार? ते गाडीला विचारणार, आणि गाडी नाही म्हणणार."

हे हसले. मीही हसले. हसण्यावारी ठरून गेलं. तेव्हा मी फार विनोदी होते.

कुर्लेवाला रविवारी आला. भाऊजींना यांनी त्याच सकाळी सांगितलं, चहा पिताना. ते "बरं" म्हणाले. खाली जाऊन त्यांनी गाडी पुसली, नेहमीसारखी. ओढून न्यायला दोर आणला होता, पण गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. कुर्लेवाला खूश. "क्या रखा है अंकल! एक एक पार्ट झकास निकलेगा."

तो बूट घालूनच आत बसला. भाऊजी पुढे झाले, "चप..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग डिकी उघडून त्यांनी ती खाकी पिशवी काढली आणि खिडकीतून त्याच्यापुढे धरली.

"ये क्या है?"

"चप्पल की थैली. गाडी के साथ है."

"रख लो अंकल, अपने को क्या करना है," तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला. भाऊजी पिशवी हातात घेऊन वर आले. पिशवी चांगली होती, दणकट. मी तिच्यात कांदे भरले.

लोक विचारतात, पुढे त्यांनी काही बोलून दाखवलं का? नाही हो. अबोला नाही, आदळआपट नाही. सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत बसायचे. फडकं दोरीवर वाळत असायचं, धुतलेलं.

पुढच्या महिन्यात अंधेरीच्या काकांकडे सत्यनारायण होता. मी जरीची नेसले, काळा चष्मा लावला, पर्स खांद्याला अडकवून गॅलरीत गेले. सासूबाई आणि मुली खाली गाडीत बसल्या होत्या, चपला घालून. हे हॉर्न वाजवत होते.

मी मोठ्या मनाने म्हटलं, "चला भाऊजी, आज तुम्हीही चला. आता काय, आपली गाडी कुठेही नाही म्हणत नाही."

ते उठले. नेहमीच्या सवयीने दारापर्यंत गेले, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. तिथे कठड्याला धरून उभे राहिले. खाली बदामाच्या झाडाखाली माझी लाल गाडी चालू होती, आवाजसुद्धा येत नव्हता तिचा. मला वाटलं, चष्मा किंवा रुमाल विसरले असतील. ते मागे वळले. चेहऱ्यावर राग नव्हता, खरंच काहीतरी विचारायचं असावं तसा चेहरा होता.

म्हणाले, "वहिनी, आता मी कुणाला विचारून सांगू?"