हॉर्न वाजवला म्हणून

"एक पीच दाबून बघितलं तर असं काय पाप केलं मी?" गाडीचं दार आपटत अरुण म्हणाला.

मागे फ्रान्समधल्या त्या खेड्याचा आठवडी बाजार आवरत आला होता. अबुधाबीच्या मंडईत अरुण वीस वर्षं फळं दाबून, हुंगून, कानाशी वाजवून घेत आला होता, आणि तिथले विक्रेते उलट "साब, ये वाला देखो" म्हणत आणखी चार पुढे करत. इथल्या बाईने मात्र त्याच्या हातातून पीच काढून घेतलं, ॲप्रनला पुसलं आणि परत जागेवर ठेवलं. अरुणचे हात जणू गटारातून आले होते! तो ताठ मानेने रिकाम्या पिशवीनिशी निघाला.

"निदान अंडी तरी घ्यायची होती," त्याची बायको कुंदा म्हणाली.

"स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही? हॉटेलात जेवू. यल्ला, चला!"

हॉटेलात जेवणं भागच होतं. या सुट्टीवर यायला कुंदाने एकच अट घातली होती: सात दिवस ती उलथन्याला हात लावणार नाही. अरुणने तोंडभरून शब्द दिला होता. आज तिसरा दिवस, आणि पहिले दोन ब्रेड-जॅमवर निघाले होते. शब्द मोडला असता तर कुंदा काहीच बोलली नसती, फक्त पदर खोचून भाड्याच्या घरातल्या ओट्यापाशी उभी राहिली असती. त्या न बोलण्याचीच अरुणला धास्ती होती.

हॉटेलात पोचायला सव्वादोन वाजले. टेबलं रिकामी होती. कोपऱ्यात मालक आणि आचारी दोघे भाजलेली कोंबडी खात बसले होते. मालकाने घड्याळाकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि पुन्हा तंगडी उचलली.

"बाबा, किचन क्लोजेस ॲट टू," मिहिका म्हणाली. पंधरा वर्षांची मिहिका शाळेत फ्रेंच शिकत होती. "नाऊ इट्स देअर लंच."

"गिऱ्हाईक दारात उपाशी आणि मालक तंगडी चापतोय? अबुधाबीत खलास म्हणणारा हॉटेलवालासुद्धा शेवटी अंडा-पराठा करून देतो! ही काय बिझनेस करायची मेथड झाली?"

पुढचं गाव म्हणजे दहा-बारा दगडी घरं, एक चर्च आणि एक झडपा लावलेलं कॅफे. चिटपाखरू दिसत नव्हतं. अरुणने कॅफेसमोर गाडी लावली आणि जागचं न हलता तीन वेळा जोरात हॉर्न वाजवला. अबुधाबीत असा हॉर्न दिला की कॅफेटेरियातून माणूस पळत येतो आणि चहा खिडकीतून हातात मिळतो.

"बाबा, नो! यू कान्ट डू दॅट हिअर!"

"धंदा करायचा असेल तर येईल बाहेर."

दार उघडलं, पण कॅफेचं नव्हे, समोरच्या घराचं. मग शेजारचं, मग पलीकडचं. दोन मिनिटांत सात आजीबाई आणि एक आजोबा, प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी, गाडीच्या डिकीमागे शिस्तीत रांग लावून उभे राहिले. पहिल्या आजीने डिकीवर टकटक केलं.

मिहिका उतरून बोलून आली. "दे वॉन्ट ब्रेड. इथे बेकरी नाहीये, बेकरची व्हॅन येते अँड ही हाँक्स. दे थिंक यू आर द बेकर."

"मी बेकर? सीनिअर प्रोजेक्ट इंजिनिअर आहे म्हणून सांग त्यांना!"

मिहिकाने सांगितलं. त्याने कुणाचं समाधान झालं नाही. पाववाला आज दुपारी आलाच नव्हता, सूप निवून गेलं होतं, आणि आता एका इंजिनिअरने हॉर्न वाजवून सगळ्यांना उन्हात उभं केलं होतं. रांगेतून असा काही सूर उठला की अरुणला आपला राग गिळावा लागला. आपल्यापेक्षा जास्त चिडलेली माणसं त्याला आज पहिल्यांदाच भेटत होती.

"सांग, आम्ही पण उपाशी आहोत," तो पुटपुटला.

पहिल्या आजीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग कुंदाचा हात धरून तिला सरळ आपल्या स्वयंपाकघरात नेलं. मागोमाग अरुण आणि मिहिका आत गेले, सगळी रांग अंगणात शिरली. आजीने टोपलीभर अंडी, कांदे आणि लोण्याचा गोळा ओट्यावर ठेवला, खुंटीवरचा ॲप्रन काढला आणि हसून कुंदापुढे धरला.

कुंदाने अरुणकडे पाहिलं. काही बोलली नाही.

अरुणने ॲप्रन आजीच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या गळ्यात अडकवला.

पहिलं ऑम्लेट फाटलं, दुसरं तव्याला चिकटलं, तिसऱ्यात कांदा कच्चा राहिला. पण हॉर्न ऐकून आलेली मंडळी खाल्ल्याशिवाय हलायला तयार नव्हती, त्यामुळे अरुणला थांबायची सोय नव्हती. अंगणात कुंदा वेताच्या खुर्चीत बसून फाटकं ऑम्लेट गरमगरम खात होती. तव्यावरचं थेट ताटात कुणी वाढल्याला किती वर्षं झाली, ते तिला आठवेना. तिला फार बरं वाटत होतं.

आजीने काहीतरी विचारलं. "शी इज आस्किंग, डज ही कुक एव्हरी डे?" मिहिका म्हणाली.

"रोज करतात म्हणावं."

मिहिकाने सांगताच आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकीने शेजारच्या आजोबांना कोपराने सणसणीत ढोसलं. घामाघूम अरुण उलथनं घेऊन दारात आला.

"कुंदा! इतकं धडधडीत खोटं?"

"खोटं कुठे? आजपासूनच धरा," कुंदाने रिकामी ताटली पुढे केली. "आणि हबीबी, पुढच्यात कांदा जरा बारीक."