तात्यांची फॅट आणि काकूंची झोप

आमचे शेजारी सदातात्या माणसाची ओळख झाली की मनातल्या मनात त्याची फॅट काढतात. नेसरीकडच्या एका गावात ते पस्तीस वर्षं दूध संस्थेचे सचिव होते. दोन्ही वेळेला लोकांच्या दुधाची फॅट तपासून तपासून त्यांना सगळं जगच तसं दिसायला लागलंय. परवा गल्लीत एका पुढाऱ्याचं भाषण झालं. तात्या म्हणाले, "दीड लागली. निस्तं पाणी." जावयाला मात्र ते साडेसहा देतात. माझी किती, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

निवृत्त होऊन ते कोल्हापुरात आमच्या शेजारी आले आणि माझ्या झोपेचं वाटोळं झालं. पहाटे चारला तात्या उठणार आणि बादल्या आपटत ओरडणार, "चला, संकलनाची वेळ झाली." संकलन कसलं डोंबलाचं, घरात दुधाची एक पिशवी येते. तात्यांच्या पत्नी शेवंताकाकू बिचाऱ्या त्यांच्याही आधी उठून चहा टाकून बसलेल्या असतात. गावात संस्था त्यांच्याच ओसरीवर भरायची. माणसं किटल्या घेऊन यायच्या आत उठायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

एकदा काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "एक दिस तरी आपसूक जाग येईस्तवर झोपावं वाटतंय बघा. पर ह्यास्नी कोण सांगणार?"

मी सांगितलं. तोंडावर सांगितलं. तात्या म्हणाले, "मास्तर, हितं न्हाय जमायचं तिला. चूल दिसली की उठती ती. कुठंतरी लांब न्हेऊया की."

म्हणून मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाच्या जंगलातल्या एका इको-लॉजवर मी दोघांना घेऊन गेलो. मातीच्या खोल्या, टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. गेल्या गेल्या चहा आला. तात्यांनी वास घेतला आणि मॅनेजरला विचारलं, "कुठल्या जनावराचं दूध म्हणायचं हे?"

"ओटचं आहे, काका. धान्यापासून काढतात."

"आन् मग फॅट कशाची बघायची?" तात्यांनी कप तसाच खाली ठेवला. पण संध्याकाळभर झाडांकडं मान वर करून बघत राहिले आणि जेवताना म्हणाले, "जंगल मातूर नवाच्या खाली न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला मी बाहेर आलो, तर पुण्याचे दोन फोटोवाले तात्यांशी हुज्जत घालत होते. या जंगलात एक पक्षी आहे, शीळकरी कस्तूर. अगदी माणसासारखी शीळ घालतो. त्याच्यासाठी हे दोघं एवढ्या लांबून आलेले, आणि तो नेमका काकूंच्या खोलीसमोरच्या फांदीवर येत होता. तो बसला रे बसला की तात्या पायरीवरून उठून त्याला टॉवेलनं हाकलायचे.

"अहो काका, पक्ष्याला कशाला त्रास देताय?"

"पावणं, हळू बोला," तात्या कुजबुजले. "ती आत झोपलीया. उठली की तुमच्या पाखराला मी सोता हाका मारून आणतो."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, "कधीपासून बसलाय?"

"चारपासनं. जाग आलती तिला. मी म्हटलं, पड, आज संस्थेला सुट्टी हाय. तर पडली की गुमान." ते थोडा वेळ टॉवेलची घडी घालत राहिले. मग अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, लगीन झाल्यापासनं हिला झोपल्याली मी बघितलीच न्हाय. मी झोपल्यावर झोपायची, मी उठायच्या आधी उठायची. आज खिडकीतनं बघितली. तोंड उघडं टाकून झोपती, ल्हान पोरागत. मला ठावंच नव्हतं."

मी उठलो आणि त्या दोन्ही फोटोवाल्यांना दंडाला धरून ओढ्याच्या पलीकडं घेऊन गेलो.