मंदाताईंचे आठ दिवस

आमच्या बेलापूरच्या ऑफिसात आम्ही अकरा बायका, आणि अकराही जणींच्या पाळीच्या तारखा मंदाताईंना तोंडपाठ. स्वतःच्या एटीएमचा पिन त्या पर्समध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवतात, पण रिसेप्शनवरच्या शबानाची गेल्या दिवाळीतली तारीख विचारा, घडाघडा सांगतील.

आमचं काम बंदरात आलेला माल सोडवण्याचं. कुठलं जहाज कधी लागणार, हे बघणं मंदाताईंकडे. वीस-बावीस वर्षं तेच केल्यामुळे त्यांची भाषाही तशीच झालीय. सकाळी, साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडं असताना, खणखणीत आवाजात विचारणार, "काय गो प्रिया, लागलं का जहाज?"

साहेब बिचारे आतून, "कुठलं, मॅडम?"

"तुमचं नाही हो. आमचं."

साहेबांनी आता विचारणं सोडलंय. एकदा त्यांच्या मिसेसचा लँडलाइनवर फोन आला. साहेबांनी हात पुढे केला, तर फोन मंदाताईंसाठी होता.

ताईंचं दुसरं खूळ म्हणजे दारू. स्वतः शिवत नाहीत, पण सोवळेपणाही नाही. "प्या की. माझी ना नाही. पण मग तारखेच्या नावानं बोंबलायचं नाही," हे ठरलेलं वाक्य. वाशीला ऑफिसची पार्टी झाली की सोमवारी त्या टेबला-टेबलाशी जाऊन चौकशी करणार.

"एकच बिअर घेतली, ताई," प्रिया म्हणाली.

"एका बिअरवर माणूस खुर्चीवर चढून नाचत नाही."

त्याच आठवड्यात प्रिया पोट धरून वाकली, तेव्हा ताईंनीच दोन खुर्च्या जोडून तिला आडवं केलं. त्यांच्या खणात फायली कमी आणि ओवा, शेकायची पिशवी, पॅड, शेंगदाण्याची चिक्की जास्त. एकीकडे शेकत होत्या, एकीकडे तोंडाचा पट्टा चालू. "ढोसताना पाणी आठवलं नाही. आता पेटके आले की मंदाताई! पी, अख्खी बाटली पी."

"ताई, आता मोबाइलवर अ‍ॅप आहे हो तारखांसाठी," प्रिया कण्हत म्हणाली.

"तुझ्या अ‍ॅपला तोंड उतरलेलं दिसतं का?"

बाकीच्या हसायच्या. मला मात्र या बाईचा भयंकर राग यायचा. कुणी विचारलंय का? आपलं नाक भलतीकडे खुपसायची हौस!

रागाचं कारण आता सांगते. मी लातूरची. नवरा हैदराबादला नोकरीला, महिन्यातून दोनदा येणार. उलव्याला अठराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मजल्यावरचे बाकीचे तिन्ही फ्लॅट लोकांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले, कायम कुलूपबंद. संध्याकाळी लॅचमध्ये किल्ली फिरवली की घरातून हूं नाही की चूं नाही. एक दिवस वाइनचा ग्लास घेतला. बरं वाटलं. मग दोन. मग रोजच. कुणाला त्रास नाही, कुणाला पत्ता नाही. आणि चार वर्षं आम्हाला मूल हवं होतं.

गेल्या मार्चमध्ये माझी पाळी नऊ दिवस पुढे गेली. मी आतून नुसती उड्या मारत होते. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन आईला फोन लावणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नऊ दिवस झाले. आईला लावत्येस ना? ठेव तो फोन."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काय करायचंय, ताई? स्वतःचं बघा ना जरा!"

ऑफिसात त्यांना असं कुणीच बोललं नव्हतं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ताई गुडघे धरत माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"सकाळी डोळे सुजलेले असतात तुझे. रोज घेतेस?"

"नाही."

"एकटीच घेतेस ना?"

मी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"मीपण नाहीच म्हणायचे," ताई म्हणाल्या. "नेरूळला नवीन होते तेव्हा. नवरा जहाजावर फिटर. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्यानंच आणलेल्या बाटल्या कपाटात. दिवे लागले की थोडी घ्यायची मी. थोडीची बरीच झाली. एकदा तो गेला नि मागून दोन महिने पाळी नाही. म्हटलं, पावला देव! तपासायची पट्टी आणून ठेवली, पण केली नाही. नाही म्हणाली तर काय करा? सरळ गुहागरला आईला फोन. आईनं अख्ख्या वाडीत सांगितलं नि दुसऱ्या दिवशी एसटीनं हजर. ती दारात चपला काढत्येय, नि इकडे मला कळलं, आली."

"मग सांगितलंत ना त्यांना?"

"सांगणारच होते. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, 'काय खावंसं वाटतंय गो बाय तुला?' दोन वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, फणसाची भाजी. तिनं केली. दुसऱ्या दिवशी घावने. आठ दिवस, गो! पॅड कागदात गुंडाळून पर्समधून बाहेर न्यायचे, नि घरी येऊन पायांना तेल लावून घ्यायचे. पाळी पण अशी जोरात, दोन महिन्यांची एकदम. चक्कर यायची. आई म्हणायची, पहिलटकरणीला होतंच असं."

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ताईही हसत होत्या, पण डोळे भरलेले.

"ती परत गेल्यावर फोनवर सांगितलं, राहिलं नाही. रडली गो. माझ्या खोट्यासाठी रडली. ती वारली तरी खरं सांगायला तोंड झालं नाही. मग डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पहिलंच विचारलं, रोज किती घेता? कधीतरीच्या घोटाचं सोडा म्हणाल्या, पण रोजच्या दारूनं अंगातलं वेळापत्रक बिघडू शकतं. कुणाची पुढे जाते, कुणाची येतच नाही, नि आली की धो धो. तुझं खरंही असेल. असू दे, मीच पेढे वाटीन. पण पट्टी आहे माझ्या खणात. आधी ती कर. तुझी आई लातूरहून पिशवी भरून निघायच्या आधी."

पट्टीवर एकच रेघ उमटली, म्हणजे नाही. मी बेसिनचा नळ सोडून रडले. दाराबाहेर ताई उभ्या होत्या आणि आत येऊ बघणाऱ्या शबानाला "नळ बिघडलाय, खालच्या मजल्यावर जा" म्हणून पिटाळत होत्या.

तोंड धुऊन बाहेर आले. म्हटलं, "ताई, रोज दोन ग्लास घेते मी. तुमची सुटली कशी?"

"लगेच कुठली सुटत्येय? आई गुहागरला परत गेल्यावर आणखी वर्ष काढलं मी त्यात. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली, वर ओरडल्या, तेव्हा कुठे." त्यांनी पदरानं माझ्या हनुवटीवरचं पाणी टिपलं. "पण गंमत सांगू? ते आठ दिवस एक थेंब घेतला नाही मी. कपाट तिथंच, बाटली तिथंच. घ्यायची आठवणच झाली नाही."

"अशी कशी?" मी विचारलं.

"घरात कुणीतरी होतं ना गो," ताई म्हणाल्या.