दोन किलोचं खोटं माप

जेवणघराच्या दारावर नगरपालिकेचं पत्र डकवलेलं होतं आणि त्याच्यापुढे एकतीस म्हातारी माणसं आपापले चष्मे पुसत उभी होती. वाचता सगळ्यांना येत होतं, विश्वास मात्र कुणाचाच बसत नव्हता. शेवटी मापकाकांनी ते मोठ्यांदा वाचून दाखवलं. येत्या सोमवारी सर्व लाभार्थ्यांचं वजन होणार होतं. मागच्या वेळेपेक्षा सरासरी घटलेली आढळली, तर इथलं अन्न पौष्टिक नाही असं समजून जेवणघराचं अनुदान बंद होणार होतं.

"आधी अनुदान कापलं म्हणून मी सूप पातळ केलं," स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "सूप पातळ झालं म्हणून तुम्ही पातळ झालात. आता तुम्ही पातळ झालात म्हणून सूपच बंद."

सगळे आत जाऊन ते पातळ सूप प्यायले, आणि ज्यांना एरवी अर्धा पाव पुरायचा त्यांनीही त्या दिवशी दुसरा अर्धा मागून घेतला. चार दिवसांत काय वजन वाढणार होतं? पण बुडत्याला काडीचा आधार.

मापकाका चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांना लांबून येताना पाहिलं की दुकानदार उगाचच तराजू पुसायला घेत. त्यांनी आयुष्यात कुणाकडून एक सुपारी खाल्ली नाही की एक ग्रॅम सोडला नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातलं मापसुद्धा त्यांनी जप्त केलं होतं, आणि त्यापायी बायकोने दोन महिने अबोला धरला होता. आता बायकोही नव्हती आणि मेव्हणाही. घरी गॅस पेटायचा तो चहापुरता. दुपारचं एक जेवण माणसांत बसून होई, तेवढाच काय तो दिवसाला दिवस म्हणण्याजोगा भाग.

त्या दुपारी सगळे गेल्यावर बाईंनी त्यांना थांबवून घेतलं.

"काका, दुकानदार वजन कसं वाढवून दाखवायचे?"

मापकाकांच्या कपाळावर आठी चढली. "हे मला विचारताय?"

"तुम्हाला नाही विचारायचं तर कुणाला? त्यांना पकडलंय कुणी?"

मापकाका ताडकन उठले. असलं काही आपल्याच्याने होणार नाही, असं त्यांनी बजावलं आणि ते दाराकडे वळले. दारातच बँडमास्तर अजून बसून होते. मास्तरांच्या हाताखाली एके काळी बावीस वाजंत्री होते. आता त्यांच्याकडे पितळी बटणांचा एक निळा कोट उरला होता आणि समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. चार पायऱ्या चढून आलं की त्यांना दहा मिनिटं दम खात बसावं लागे. तीन महिन्यांत ते इतके झिजले होते की कोट त्यांनी घातलाय की कोटाने त्यांना घातलंय, हे कळू नये. दिवसाकाठी त्यांच्या पोटात जायचं ते इथलंच. जेवणघर बंद झालं तर मास्तर हा हिवाळा काढणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून कुणी ते बोलत नव्हतं.

"मापकाका," मास्तर म्हणाले, "सोमवारी मी दोन तांबे पाणी पिऊन येईन. तेवढं चालेल का हो?"

मापकाका तडक घरी गेले आणि त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. खात्याने बाद मापं भंगारात काढली तेव्हा त्यांनी ती रीतसर पावती घेऊन विकत घेतली होती. खालून पोखरलेली, आत लाकूड ठोकलेली, घासून हलकी केलेली. शिकाऱ्याने शिंगं ठेवावीत तशी ती त्यांनी ठेवली होती. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने खरं वजन लिहिलेलं. एक किलोवर नऊशे वीस. पाचशेवर चारशे पंचेचाळीस. आयुष्यभर ज्या खोट्या मापांनी लोकांना लुबाडलं, त्यांना आता एखादं पुण्यकर्म करायला काय हरकत आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. समजूत फारशी पटली नाही, पण ट्रंक उघडीच राहिली.

तरी जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. फसवायचं तर तेही मापात, असा त्यांचा हट्ट. त्यांनी प्रत्येकाचं मागचं वजन मागवलं, प्रत्येकाला घरच्या काट्यावर उभं केलं आणि किती ग्रॅमची तूट आहे त्याचा तक्ता मांडला. ज्याला जेवढं कमी त्याला तेवढंच, वर फार तर शंभर ग्रॅम. कुणाच्या मोज्यात, कुणाच्या कमरेला, कुणाच्या शालीच्या घडीत मापं गेली. बाईंनी रात्रंदिवस बसून छुपे खिसे शिवले. निवृत्त टायपिस्टबाई तेवढ्या अडून बसल्या. उभ्या जन्मात त्यांचं वजन कधी पन्नासवर गेलं नव्हतं आणि म्हातारपणी तो डाग त्यांना नको होता. शेवटी एकोणपन्नास किलो नऊशेवर तडजोड झाली.

मास्तरांची तूट सर्वांत मोठी होती. त्यांच्या वाट्याला दोन किलोचं माप आलं, खरं वजन एक किलो आठशे साठ. कोटाचे खिसे फाटलेले होते, म्हणून बाईंनी ते अस्तराच्या आत घालून दुहेरी दोऱ्याने पक्कं शिवून टाकलं.

सोमवारी नर्स आली. जेवणघर थंडगार होतं, म्हणून फक्त बूट काढून कपड्यांनिशी काट्यावर उभं राहायचं ठरलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मापकाकांनी माणसाच्या स्वभावाचा हिशेब धरला नव्हता. शंभर ग्रॅम जास्त तर दोनशे का नको, असा विचार ज्याने त्याने आपापल्या घरी केला होता. कुणी खिशात किल्ल्यांचा जुडगा टाकला होता, कुणी कुलूप, एकाने तर बत्ता आणला होता. एकोणपन्नास नऊशेवर अडलेल्या टायपिस्टबाई बावन्न भरल्या. मापकाका कोपऱ्यात उभे राहून तक्त्याकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत होते आणि त्यांना घाम फुटला होता.

नर्स मात्र हरखून गेली. असे गुटगुटीत आजी-आजोबा आपण पाहिले नाहीत, असं ती जाता जाता म्हणाली. त्या दिवशी बाईंनी सुपात लोणी टाकलं.

आठवड्याने पत्र आलं. लाभार्थ्यांचं पोषण अपेक्षेहून उत्तम झाल्याचं आढळलं होतं. योजनेचा उद्देश सफल झाला होता. सबब, एक तारखेपासून जेवणघर बंद करून अनुदान गरजू भागाकडे वळवण्यात येणार होतं. शेवटी सर्वांचं अभिनंदन केलं होतं.

मापकाका पत्र घेऊन नगरपालिकेत गेले. साहेब तसे सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. घटलं तर अन्न वाईट म्हणून बंद, वाढलं तर गरज नाही म्हणून बंद, मग चालू कधी राहतं, असं मापकाकांनी विचारलं. ते दोन नियम दोन वेगळ्या वर्षांचे आहेत आणि सध्या गरजेचा चालू आहे, असं साहेबांनी सांगितलं.

"समजा, वजनात काही चूक झाली असेल तर?" मापकाकांनी चाचरत विचारलं.

"चूक असेल तर फेरवजन करता येईल. अर्ज द्या." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मात्र लबाडी आढळली तर सगळ्यांची नावं कायमची कमी होतात. तशी काही शंका आहे का?"

चौतीस वर्षं हाच प्रश्न मापकाका दुसऱ्यांना विचारत आले होते. "नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी अर्ज लिहून दिला.

फेरवजनाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळी मापं परत गोळा केली. एक कमी भरलं. ते मास्तर कोटात घालून बाकावर बसले होते.

"मास्तर, ते उसवून ठेवा हां. उद्या तसं यायचं नाही."

"उसवतो की," मास्तर म्हणाले. मग कोटाची कड कुरवाळत म्हणाले, "पण खरं सांगू का, याच्यामुळे कोट कसा अंगावर बसतो. वाऱ्याने उडत नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं."

मापकाकांना तिथल्या तिथे कात्री मागता आली असती. पण मास्तर थंडीने कुडकुडत होते, आणि त्यांच्या अंगावरून कोट उतरवायला मापकाकांचा हात धजला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्साहाने पुन्हा घात केला. वजन कमी भरायला हवं, हे कळल्यावर निम्मी मंडळी दोन दिवस उपाशी राहिली होती. मापं गेलेली, कुलपं गेलेली, बत्ता गेलेला, आणि वर हा उपास. तीन आठवड्यांत कुणी तीन किलो गमावले होते, कुणी चार. टायपिस्टबाई तर काट्यावरच भोवळ येऊन बसल्या. नर्सचा चेहरा पांढराफटक पडला. एवढी झीज म्हणजे अन्नात काहीतरी विषारी असणार, असं तिने ठरवलं आणि फोन फिरवला. तासाभरात आरोग्य खात्याची माणसं आली. त्यांनी सुपाचा नमुना बाटलीत भरला, स्वयंपाकघराला सील ठोकलं आणि ज्यांचं वजन किलोभर तरी घटलंय त्या सगळ्यांना निरीक्षणासाठी दवाखान्यात हलवायचा हुकूम काढला. तेच सूप पिणाऱ्या बाईंनाही त्यांनी सोडलं नाही.

शेवटी काट्यावर मास्तर चढले. निळा कोट, पितळी बटणं. मागच्या वेळेपेक्षा फक्त तीनशे ग्रॅम कमी.

"बघा," नर्स म्हणाली, "या एकट्या आजोबांना अन्न मानवलंय."

मापकाका दोन पावलं पुढे आले. तोंड उघडलं. अस्तरातलं एक माप बाहेर निघालं की बाकीच्या तिसांची चौकशी होणार, नावं जाणार, जेवणघर कायमचं जाणार. बाई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांदेखत एक खोटं माप त्यांनी जाऊ दिलं.

"आणि मी कुठे जेवू?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही ठणठणीत आहात, आजोबा. घरी जेवा."

गाडी निघाली तेव्हा मास्तर रस्त्याच्या कडेला उभे होते. वाजंत्र्यांना सुरुवातीची खूण द्यावी तसा त्यांनी हात वर केला, आणि गाडी वळेपर्यंत तो तसाच ठेवला.

दवाखान्यात तीन वेळचं जेवण होतं. अंडी होती, दूध होतं, दुपारी फळं होती. नगरपालिकेला जे सूप परवडत नव्हतं, त्याच्या दसपट खर्च आता तीच नगरपालिका विनातक्रार करत होती. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांचे गाल वर आले. टायपिस्टबाईंनी दुसरं अंडं मागून घेतलं. मापकाकांनी मात्र ताट बाजूला सारलं. त्यांनी नर्सला विनवलं, की मास्तरांनाही आणा. ज्याचं वजन तेवढं घटलं नाही त्याला खाट देता येत नाही, असं ती म्हणाली. ते दाराकडे गेले, पण नमुन्याचा अहवाल येईपर्यंत बाहेर जायची मनाई होती.

चौथ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांपुढे सगळं ओकून टाकलं. ट्रंक, तक्ता, मोजे, बत्ता, कोटाचं अस्तर. नावं गेली तर जाऊ देत, जेवणघर गेलं तर जाऊ दे, पण आज कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर जा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे एकतीस म्हातारी माणसं अंगावर लोखंड बांधून जेवायला आली होती."

"हो."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागदावर उपासमारीमुळे झालेला भ्रम असं लिहिलं आणि रात्रीची एक गोळी वाढवली.

नवव्या दिवशी अहवाल आला. सुपात अपायकारक काहीही आढळलं नव्हतं. उपकारकही फारसं आढळलं नव्हतं. त्यासोबत साहेबांच्या सहीचं पत्र होतं. लाभार्थ्यांची गरज निर्विवाद सिद्ध झाल्यामुळे जेवणघर पूर्ववत चालू राहील आणि सूप घट्ट करण्यात येईल. ताटं तीस. एक लाभार्थी सुदृढ आढळल्याने वगळण्यात आला आहे. बाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. तीस ताटांत एकतिसावं कसं बसवायचं ते मी बघते, असं त्या म्हणाल्या.

मापकाका तिथे थांबलेच नाहीत. चार दिवस उशीखाली साठवलेले पाव आणि दोन उकडलेली अंडी त्यांनी रुमालात बांधली आणि ते जेवणघरासमोरच्या इमारतीच्या जिन्याशी आले. जिना अरुंद होता. वरून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन उतरत होती, म्हणून त्यांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. चादरीखालून निळ्या बाहीचं एक पितळी बटण दिसत होतं. कोट अंगात घालूनच झोपले होते, शेजाऱ्यांना आज सकाळी कळलं, असं मागून येणारी एक बाई सांगत होती.

माणसांनी वळणावर दम घ्यायला स्ट्रेचर टेकवलं.

"दिसायला नुसती काडी," पुढचा म्हणाला, "पण भरतोय बरं का. खाऊनपिऊन सुखी असणार म्हातारा."

मापकाकांनी रुमाल छातीशी धरला. आवाज मात्र खात्यातला होता.

"एक किलो आठशे साठ ग्रॅम वजा धरा," ते म्हणाले.