कलिंगडासाठी एक कोपरा

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात रिम्मा बर्फावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच बागेतल्या पॉलिहाऊसचा ताबा तिच्या नवऱ्याकडे, गेनादी सावेलिचकडे आला. तोवर त्याला तिथे फक्त बादल्या उचलण्यापुरता प्रवेश होता. रेल्वेत डब्यांचे ब्रेक तपासण्यात त्याची हयात गेलेली. स्वतःच्या हुशारीबद्दल त्याला कधी शंका म्हणून आली नाही. त्याने अट घातली. मेपर्यंतची सगळी कामं नीट झाली, तर आतला एक कोपरा त्याला कलिंगड लावायला मिळाला पाहिजे. आमच्या उत्तरेकडच्या थंडीत कलिंगड म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण अकरा वर्षं त्याने हा एकच ध्यास घेतला होता. पाय मोडलेल्या बाईला फार ताणून धरता येत नाही. रिम्मा हो म्हणाली. मात्र प्रत्येक कामाचा फोटो पाठवायचा.

पहिलं काम बर्फ भरायचं. छपराखालची माती हिवाळाभर कोरडी ठणठणीत पडते, म्हणून मार्चमध्ये आमच्याकडे सगळे बाहेरचा बर्फ फावड्याने आतल्या वाफ्यांवर टाकतात. तो विरघळला की माती भिजते. गेनादी सकाळच्या गाडीने गावाबाहेरच्या बागेत पोचला. कुंपणं बर्फात बुडालेली आणि बागांच्या सोसायटीतली पॉलिहाऊसं सगळी एका छापाची. पण विचारणार कोण आणि कशाला? त्याने चार तास फावडं मारलं, गुडघाभर बर्फ भरला, फोटो पाठवला आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

लगेच रिम्माचा फोन. "गेना, ते निळं बाकडं कुठून आलं?"

गेनादीने बाकड्याकडे पाहिलं. मग खिळ्याला टांगलेल्या फुलाफुलांच्या एप्रनकडे पाहिलं. हे पॉलिहाऊस शेजारच्या क्लावदिया पेत्रोवनाचं होतं. तिने आपलं मिरचीचं बियाणं चोरलं, यावर रिम्मा ठाम होती, आणि त्यावरून दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

"मी केलंय," तो म्हणाला. "तुला बसायला. पाय दुखेल ना तुझा."

 रिम्मा इतक्या मऊ आवाजात "बरं" म्हणाली, की खरं सांगायची त्याची हिंमतच झाली नाही. शिवाय कलिंगडाचा प्रश्न होता.

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं, बर्फ वाहून गेला आणि स्वतःच्या वाफ्यांना गेनादीला विहिरीवरून चाळीस बादल्या पाणी वाहावं लागलं. शेजारचं बाकडं उचलून आणावं म्हटलं, तर त्याचे पाय जमिनीत पक्के पुरलेले. त्याने तसंच दुसरं बनवायला घेतलं. ते एका बाजूला इतकं कललं, की फोटोत रिम्माने बरोबर पकडलं असतं. मग काय, प्रत्येक काम दोनदा. एप्रिलमध्ये साबणाच्या पाण्याने भिंती धुवायच्या, तर आधी क्लावदियाच्या, फोटोसाठी. मग स्वतःच्या, टोमॅटोसाठी. मातीतले जंतू मारायला परमँगनेटचं जांभळं कढत पाणी ओतायचं, तेही दोन्हीकडे. मुळ्याचं बी दोन्हीकडे. कमरेचं पार भजं झालं, पण फोनवर तो रुबाबात सांगायचा की ही कामं म्हणजे डाव्या हातचा मळ आहे.

मेमध्ये रिम्मा काठी टेकत आली. टॅक्सीत मांडीवर टोमॅटोची रोपं, मागच्या सीटवर काकडीची. आत येऊन ती मोठ्या कौतुकाने निळ्या बाकड्यावर बसली आणि हळूहळू डावीकडे घसरू लागली. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दारात क्लावदिया पेत्रोवना उभी. हातात कोबी भरून भाजलेला घरचा पाव, डोळे ओले.

"रिम्मा, मला सोसायटीच्या राखणदाराने सगळं सांगितलं," ती म्हणाली. "नवरा गेल्यापासून माझ्या वाफ्यांना कुणी हात लावला नव्हता गं. आणि तू, स्वतःचा पाय मोडलेला असताना, गेनादी सावेलिचना पाठवलंस."

रिम्माने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा एका टोमॅटोच्या रोपाचं बारकाईने निरीक्षण करत होता. ती पुन्हा बाकड्यावर वर सरकली आणि शांतपणे म्हणाली, "त्यात काय एवढं. शेजारी कशाला असतात?"

"ते बियाणं मीच घेतलं होतं," क्लावदिया म्हणाली.

मग दोघी गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. गेनादीलाही भरून आलं. आपण प्रकरण किती कौशल्याने हाताळलं, असं वाटून त्याने घसा खाकरला आणि कोपऱ्याची आठवण करून दिली. रिम्मा म्हणाली, तो कोपरा आता क्लावाच्या मिरच्यांना. त्याने आशेने क्लावदियाकडे पाहिलं. तिच्याकडचा कोपरा अर्थातच रिम्माच्या काकड्यांना होता. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं: आपल्याकडे कलिंगड पिकत नाही.