म्हात्रे सरांचं लाडकं क्रियापद

पेण-रोहा गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या एका गृहस्थाला म्हात्रे सरांनी भर एसटीत उभं केलं होतं. दोन बोटांत रुमाल धरून त्यांनी विचारलं, "कुणाचा हा?"

"आपलाच," गृहस्थ मिशीवर हात फिरवत म्हणाला.

"छान. ओशाळणे. वाक्यात उपयोग कर."

अख्खी गाडी माना वळवून बघायला लागली. त्या बिचाऱ्याला वाटलं, तिकीट तपासायची ही काहीतरी नवीन पद्धत असेल. घाबरत म्हणाला, "मी... ओशाळतो."

"उत्तम!" सर म्हणाले, आणि त्याच्या जागेवर स्वतः बसले.

सर रोह्याला शाळेत मराठी शिकवायचे आणि राहायचे पेणला, रामवाडीत, आमच्या भिंतीला भिंत लावून. निवृत्त झाले तेव्हा खडू शाळेत ठेवून आले, खोड मात्र घरी घेऊन आले. मला म्हणायचे, "शैला, गावात नळ आला, केबल आली, पण ओशाळणारी माणसं संपली. शब्द वापरला नाही तर गंजतो." हे सगळं शुद्ध भाषेत. चिडले की मात्र शुद्ध भाषा खुंटीला आणि खाडीकाठची बोली बाहेर.

काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, यात फार पंचाईत व्हायची. सरांनी कुणाला वाक्य विचारलं रे विचारलं, की काकी पदर तोंडावर घेऊन दूर सरकायच्या. कोलाडला एका हॉटेलात सरांनी शिळी भजी देणाऱ्या मालकाला उभं केलं, तर काकी सरळ उठून परक्या कुटुंबाच्या टेबलाशी जाऊन बसल्या आणि त्यांच्यातली गरम भजी खाऊन आल्या.

माझ्या लग्नातही सर गप्प बसले नाहीत. माझे मामेसासरे, रोह्याचे दळवीमामा, पंगतीत मठ्ठा पोचला नाही म्हणून रुसून ताटावरून उठले. माझे वडील हात जोडताहेत, आई रडकुंडीला आलेली. तेवढ्यात सर पुढे झाले. "मामा, ओशाळणे. वाक्यात उपयोग करा."

मामाही इरसाल. म्हणाले, "मठ्ठा न वाढल्यामुळे मुलीकडचे ओशाळले."

"वाक्य बरोबर," सर म्हणाले. "कर्ता चुकला."

मांडव हसला. मामा मुकाट्याने खाली बसले, जेवले, पण हे त्यांनी पोटात ठेवलं ते कायमचं.

आता आमचा धंदा गणपतीचा, वडिलांचा; लग्नानंतरही मी माहेरीच राहून तो बघते. पेणमध्ये दुसरं काय असणार! घराच्या पुढच्या पडवीतच कारखाना. गिऱ्हाईक आधी घरचा पाट आणून देतं, पाटाच्या कडेला त्याचं नाव लिहायचं आणि मूर्ती त्याच पाटावर बसवायची. चतुर्थीला ज्याचा पाट त्याचा गणपती. यात कुणाची चूक होत नाही.

पण त्या वर्षी काकींचं काहीतरी बिनसलं होतं. गॅसवर दूध ठेवून नाक्यावर जाऊन उभ्या राहायच्या. एकदा मलाच विचारलं, "तू कोनाची गो?" सरांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, "हिला हल्ली ऐकू कमी येतं." खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण आमच्यातली भिंत पातळ. दुपारी सर त्यांना त्यांच्याच मुलांची नावं सांगत बसायचे. वर्गात एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली तर पट्टी उगारणारा हा माणूस, तेच ते पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि आवाज जराही चढायचा नाही. त्यांना एकच धास्ती होती. ज्या गावाला आपण जन्मभर लाजवलं, ते गाव आता हिला हसेल.

चतुर्थीच्या सकाळी दळवीमामा रोह्याहून टेम्पो आणि खालूबाजा घेऊन आले. बघतात तर त्यांचा पाट जागेवर नाही! सरांचा गणपती मात्र तसाच बसलेला. मघाशी काकींना रुमालाने झाकलेली मूर्ती घेऊन जाताना मी पाहिलं होतं. त्यांचीच असेल असं समजून वर "मोरया" पण म्हटलं होतं.

"माझा गणपती कुठाय?" मामा गरजले. बाजा थांबला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मघाशी मास्तरीणबाई एक घेऊन गेल्या ना?"

"मास्तराची बायको? दुसऱ्याचा देव उचलते? शुद्धीवर हाय का ती?"

तेवढ्यात गल्लीतून सर आले. डोक्यावर गणपती, मागे काकी, हसतमुख. कारखान्यातून घरी जाणारे गणपती आम्ही जन्मभर पाहिले; घरून कारखान्यात परत येणारा हा पहिलाच. लोक सवयीने "मोरया" ओरडले आणि मग एकमेकांकडे बघायला लागले.

"मी सांगितलं तिला, हाच आपला, उचल म्हणून," सर मोठ्याने म्हणाले. "पाटावरचं नाव वाचलं नाही मी."

"वाचलं नाय? मराठीच्या मास्तरानं?" मामांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. लग्नातला मठ्ठा आता पोचला होता. "मग होऊन जाऊ द्या, मास्तर! वाक्यात उपयोग!"

बाजावाली पोरं खिदळली. मला वाटलं, आता सर असा टोला देतील की मामा थेट रोह्यात जाऊन पडतील. सरांनी मूर्ती अलगद खाली ठेवली. टाचा जुळवल्या, हाताची घडी घातली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रामवाडीचा म्हात्रे मास्तर सगळ्या गावासमोर ओशाळला."

टाळ्या पडल्या. मामा इतके खूश झाले की रागवायचंच विसरले. सरांच्या हातावर पेढा ठेवून, गणपती टेम्पोत घालून, वाजतगाजत गेले. काकींचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मी सरांचा पाट पुढे केला आणि हळूच म्हटलं, "सर, मी काकींना बघितलं होतं."

"तू काय बघितलं नायस," ते म्हणाले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. नाटक नव्हतं ते. माणूस खरोखर मेल्याहून मेला झाला होता.

काकींनी माझा हात धरून मला बाजूला ओढलं. "यांच्यावर जरा लक्ष ठेव गो. हल्ली कायपन इसरतान. आता बघ ना, दुसऱ्याचा गणपती घरी घेऊन आलं!"

सरांनी ऐकलं. "व्हय गो," ते म्हणाले. "इसरतो हल्ली. तू हायस ना संगती, म्हणून चाललंय."

मग त्यांनी पाट उचलला, त्याची एक कड काकींच्या हातात दिली, आणि दोघं बेतानं घराकडे निघाले.